जोखीम कोण घेतं?

"बायकांनी जोखीम घ्यायला शिकलं पाहिजे." सोलापुरातल्या बचत गटांच्या एका मेळाव्यात व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी हे वाक्य एकाच भाषणात तीनदा उच्चारलं. बायकांचे धंदे वाढत नाहीत याचं कारण त्यांच्या मते बायकांच्या मनात आहे. बाई घाबरते, मोठा विचार करत नाही, चार पैसे सुटले की समाधान मानते. तिला प्रशिक्षण द्या, तिचा आत्मविश्वास वाढवा. योजना आहेत, बँका आहेत, बाजारपेठ आहे, आता फक्त तिनं पाऊल उचलायचं. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याच्या शब्दाला मान द्यायचा ही आपल्याकडची रीत. मीही वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून टोचतात, म्हणून हे लिहिते आहे.

बारा वर्षं मी सोलापूर शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत बचत गटांचे हिशेब लिहिते आहे. पापड, शेवया, शेंगाचटणी, काळा मसाला, शिलाई, खानावळ, शेळ्या, बांगड्यांचं दुकान अशा कितीतरी धंद्यांची जमा-नावे माझ्या हातून गेली आहेत. त्या वह्यांच्या भरवशावर सांगते, पाहुण्यांचं म्हणणं चूक आहे. त्यात थोडं तथ्य आहे, एक बाजू आहे, असंही मी म्हणणार नाही. ते मुळातच चूक आहे. तरीही ते वर्षानुवर्षं प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येतं, कारण ते खरं मानलं की बँकेला काही बदलावं लागत नाही, व्यापाऱ्याला नाही, सरकारला नाही, घरातल्या पुरुषांनाही नाही. बदलायचं असतं ते एकट्या बाईनं.

एक वही उघडते. ती ज्यांची आहे त्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणते. अक्का ज्वारीची कडक भाकरी करतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही भाकरी दुकानातल्या पिशवीतून माहीत असते, ती होते कशी हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. उकळत्या पाण्यात पीठ भिजवायचं, मीठ घालायचं, हाताला चटका बसत असतानाच मळायचं. रोजच्या भाकरीपेक्षा कितीतरी पातळ थापायची आणि कड कुठंही चिरू द्यायची नाही. तव्यावर दोन्ही अंगांनी भाजली की खाली घेऊन निखाऱ्याच्या उबेला उभी करून ठेवायची. आतलं पाणी पुरतं निघून गेलं पाहिजे. जरा ओल राहिली तर चार दिवसांत वास धरते. आच जास्त झाली तर डाग पडतो, आणि डागाची भाकरी दुकानदार बाजूला काढतो. अक्कांची चूल पहाटे चारला पेटते. सुनेचा हात थापण्यावर, अक्कांचं लक्ष निखाऱ्यावर. दहा बाय बाराच्या खोलीत भाकरी भिंतीला टेकवून उभ्या असतात आणि त्या निघेपर्यंत घरातल्या मुलांना पाय पसरायला जागा नसते.

आता यातला पैसा बघा. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा दर्जा जगजाहीर आहे. माघ-फाल्गुनात सुगी होते तेव्हा दर उतरलेला असतो, आणि ज्याच्या हातात पैसा आहे तो तेव्हाच वर्षाची पोती भरून ठेवतो. अक्कांच्या हातात सुगीच्या वेळी पैसा नसतो. त्या आठवड्याला लागेल तेवढीच ज्वारी किराणा दुकानातून आणतात, बहुतेक वेळा उधारीवर, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असतो. पहिली भाकरी थापायच्या आधीच नफ्यातला एक वाटा दुसऱ्याच्या गल्ल्यात गेलेला असतो.

तयार माल जातो तो मोठ्या दुकानदाराकडे. बोली असते, "खपला की पैसे." दिवाळीच्या आधी उचललेल्या मालाचे पैसे संक्रांत उलटल्यावर येतात. प्रवासात भाकरी मोडली, परत. दुकानात उघडी राहून पावसाळी हवेनं सादळली, परत. ती सादळली त्यात अक्कांची चूक काय, हे विचारायची सोय नाही, कारण तोच माल द्यायला शेजारच्या गल्लीतली दुसरी बाई तयार असते. वहीत मी या रकमा "येणे" म्हणून लिहिते. कधी कधी येण्याचा आकडा अक्कांच्या तीन महिन्यांच्या घरखर्चापेक्षा मोठा असतो. तेवढ्या काळात किराणा दुकानदाराची उधारी थांबत नाही आणि कर्जाचा आठवड्याचा हप्ताही थांबत नाही.

याला साध्या मराठीत काय म्हणतात? अक्का त्या मोठ्या दुकानदाराला बिनव्याजी कर्ज देतात. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी स्वतः व्याजानं उचललेला असतो. माल न खपण्याची जोखीम त्यांची, मोडण्याची त्यांची, सादळण्याची त्यांची, पैसे बुडण्याचीही त्यांचीच. दुकानदारानं कोणती जोखीम घेतली? फळीवरची वीतभर जागा. आणि मेळाव्यात उभं राहून आपण अक्कांना सांगतो की जोखीम घ्यायला शिका.

कायदा आहे, असं कोणी म्हणेल. आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानं छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं खरेदीदाराला बंधनकारक केलं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही चक्रवाढ व्याज द्यायचं. कायदा चांगलाच आहे. पण त्याचा आधार घ्यायला उद्योगाची नोंदणी हवी, मालाचं बिल हवं, आणि मग तक्रार करायची ती ज्याच्याकडे उद्या पुन्हा माल घेऊन जायचं आहे त्याच्याच विरुद्ध. मी एकीसाठी असा अर्ज लिहायला बसले होते. अर्धा कागद झाल्यावर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, पैसे मिळतील हो, पण गिऱ्हाईक जाईल." मी पेन खाली ठेवलं. ती घाबरली होती असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. मला तिचा हिशेब पक्का वाटला.

अशा वेळी समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे लिज्जत. "लिज्जतच्या बायकांनी कसं केलं? इच्छा असली की होतं." हे उदाहरण देणाऱ्यांनी ते नीट पाहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. 1959 च्या मार्च महिन्यात गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कोणी सांगत नाही. लिज्जतमध्ये लाटणाऱ्या भगिनीला पीठ मळून मिळतं. डाळ कधी घ्यायची, कुठून घ्यायची, दर चढला तर काय, ही काळजी संस्था वाहते. भगिनी लाटलेले पापड आणून देते आणि लाटण्याचे पैसे घेऊन जाते. तो माल कोणत्या दुकानात किती दिवस पडून राहिला याच्याशी तिच्या चुलीचा संबंध नसतो. 1966 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं संस्थेला मान्यता दिली, त्याबरोबर 8 लाख रुपयांचं खेळतं भांडवलही दिलं. त्या काळातले 8 लाख! त्या बायकांच्या कष्टाचं आणि शिस्तीचं मोल मी तसूभरही कमी करत नाही. पण लिज्जतची गोष्ट एकट्या बाईनं छाती काढून जोखीम घेतल्याची गोष्टच नव्हे. एकेकट्या बाईच्या डोक्यावरची जोखीम उतरवून ती संस्थेनं उचलली आणि संस्थेच्या मागे भांडवल उभं राहिलं, तेव्हा लिज्जत झालं. पाहुण्यांनी दिलेलं उदाहरण पाहुण्यांच्याच विरुद्ध साक्ष देतं.

जरा मागे जाऊन गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवा. एकटे राहणारे कामगार त्यांच्याकडे महिनाभर जेवत आणि गिरणीचा पगार झाला की पैसे देत. तोवर धान्य उधारीचं, रॉकेल उधारीचं, आणि हातउसने पैसे सावकाराचे. मुंबईच्या कापड गिरण्या ज्या पोटांवर चालत होत्या त्या पोटांना या बायका उधारीवर जेवू घालत होत्या. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. बायका त्याच होत्या, चूल तीच, हाताची चवही तीच. बदलला तो पैशाचा दर. त्याआधी त्यांच्यात धाडस नव्हतं का? 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि जेवलेल्या माणसांकडचं येणं ज्यांच्या वहीत राहून गेलं त्या बायकांपेक्षा मोठी जोखीम त्या शहरात कोणत्या शेठनं घेतली होती?

आता बँकेकडे वळते, कारण "बँका तयार आहेत" हेही त्या भाषणात होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही. हा नियम 2010 पासून आहे. 2015 पासून मुद्रा योजना आहे, आणि तिच्या खात्यांपैकी साधारण दोन तृतीयांश बायकांची आहेत. कागदावर इथं तक्रारीला जागा दिसत नाही. पण मुद्राची बहुसंख्य कर्जं शिशू गटातली, म्हणजे 50 हजारांच्या आतली असतात. 50 हजारांत शिलाई मशीन येतं, पिठाची छोटी गिरणी येते. सुगीत वर्षाची ज्वारी भरून, तीन महिन्यांची उधारी सोसून, वर दोन बायकांना मजुरी देता येत नाही. आणि पुढची पायरी चढायला बाई शाखेत गेली की नियमाच्या पुस्तकात नसलेले प्रश्न सुरू होतात. अक्कांबरोबर मी एका शाखेत गेले होते. साहेब सभ्य माणूस, त्यांनी आधी पाणी विचारलं. मग विचारलं, "मिस्टर काय करतात?" मग, "जागा कुणाच्या नावावर आहे?" मग, "एखादा जामीनदार आणा, सरकारी नोकर असला तर बरं." अक्कांच्या धंद्याबद्दल, रोज किती भाकरी निघतात, माल कुठं जातो, याबद्दल एकही प्रश्न नाही. वही माझ्या मांडीवर होती. ती कोणी मागितली नाही.

जागा कुणाच्या नावावर? साऱ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. कर्जाच्या कागदावर बाईचं नाव पहिलं असतं, कारण मायक्रोफायनान्सवाल्यांना बाईच हवी असते. ती गाव सोडून पळत नाही, हप्ता चुकवायची तिला लाज वाटते, आणि गटातल्या बाकीच्या जणी तिच्या दारात येऊन उभ्या राहतात. बचत गटांची परतफेड इतकी चोख आहे की त्यांच्या बँक कर्जातलं थकीत प्रमाण अलीकडच्या वर्षांत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. मोठमोठ्या उद्योगांना हे कित्येक वर्षं साधलं नव्हतं. म्हणजे देणं फेडायच्या जागी नाव तिचं. आणि जिच्या बळावर मोठं कर्ज मिळतं त्या घराच्या उताऱ्यावर, त्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायकांकडे होती, आणि त्यांतही किती जणींकडे ती नवऱ्याच्या माघारी आली असतील हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. बाईला पत नाही असं म्हणतात. तिची पत हप्ता भरण्यापुरती सगळ्यांना मान्य आहे, मालकीच्या वेळी मात्र कुणालाच ती दिसत नाही.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं 1994 मध्येच केली. देशानं ती 2005 मध्ये केली. कायद्यानं दिलेलं हे भांडवल होतं. त्याचं काय झालं? तलाठ्याकडे वारसनोंद लागली की भाऊ बहिणीला गाडी पाठवतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही न करणारी बहीण गावात लोभी ठरते. हे सगळं इतक्या प्रेमानं होतं की त्याला लूट म्हणायला माझीही जीभ अडखळते. पण वह्या लिहिणाऱ्या बाईला हेही दिसतं की भावानं त्याच जमिनीवर सोसायटीचं पीककर्ज काढलं, ठिबक केलं, पोरासाठी ट्रॅक्टर घेतला. बहीण मात्र आठवड्याच्या हप्त्यावर विशी-पंचविशीतलं व्याज भरते आहे. एकाच बापाची दोन लेकरं. एकाला तारण आहे, दुसरीला प्रशिक्षण.

जमीन-घर बाईच्या नावावर होऊ शकतं, हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं, आणि पुढे काही वर्षांत संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा शेतकऱ्यांनी स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. आमच्या सोलापुरात नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं विडी वळणाऱ्या बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावानं गृहनिर्माण संस्था काढली आणि कुंभारीच्या माळावर दहा हजार घरं उभी केली. 2006 मध्ये ती ताब्यात मिळाली. मोर्चे, धरणी, दिल्लीच्या फेऱ्या यांत त्या बायकांनी किती दिवसांची मजुरी बुडवली असेल! जोखीम घेत नाहीत म्हणे.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला, बायका धंद्याच्या नावानं कर्ज उचलतात आणि घरात खर्च करतात. करतात. नवऱ्याचं ऑपरेशन, पोरीची फी, पत्र्याचं छप्पर. कितीदा तर कर्ज तिच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या हातात असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण घराला दुखण्याखुपण्यात दुसरा आधार कोणता आहे ते सांगा. सरकारी दवाखान्यात जे मिळालं नाही ते अक्कांनी भाकरीच्या पैशातून आणलं. भांडवल मोडलं हे खरं. ते उधळपट्टीत मोडलं असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या घरात येऊन पावत्या बघाव्यात. आणि नवरा पैसे घेऊन जातो हा बायकोच्या वृत्तीतला दोष कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. छोट्या पुरुष धंदेवाल्यालाही उधारी सोसावी लागते, त्यालाही बँक फिरवते. मान्य. गल्लीतला गाडीवालाही भरडला जातो. तरी फरक राहतोच. तो पहाटे चारला उठला तर चहा आयता मिळतो. 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88, असं दिसलं. बाईच्या धंद्याला मिळते ती या जवळजवळ पाच तासांनंतर उरलेली वेळ. दिवाळीत मागणी वाढते तेव्हाच घरचं फराळाचं काम वाढतं, उन्हाळ्यात कुरडया-पापडांचा हंगाम येतो तेव्हाच लग्नं आणि माहेरवाशिणी येतात. आणि मालकीचं तर सांगितलंच. सरकारचेच आकडे आहेत: उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या उद्योगांपैकी 2024 च्या सुरुवातीपर्यंत साधारण 20 टक्के बायकांचे होते, पण एकूण गुंतवणुकीत त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपास. अनौपचारिक छोट्या धंद्यांची नोंद जिथं होते तिथं मात्र बायका 70 टक्के. जितका धंदा लहान आणि उघड्यावरचा, तितक्या बायका जास्त. जितका पैसा मोठा, तितक्या कमी. सगळ्या बायकांची वृत्ती पैशाच्या पायरीपायरीनं अशी बदलत जाते, हे मला पटत नाही. 2013-14 च्या आर्थिक गणनेत बायकांच्या मालकीच्या आस्थापनांपैकी 79 टक्के स्वतःच्याच पैशावर उभ्या होत्या. स्वतःचा पैसा म्हणजे कोणता? मंगळसूत्र, साठवलेली भिशी, आईनं दिलेली पाटली. हे पणाला लावणाऱ्या बाईला भित्री म्हणायचं?

प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. वेष्टन कसं करावं, लेबलवर काय असावं, अन्नसुरक्षेची नोंदणी कशी करावी, हे शिकवणारी शिबिरं मी स्वतः भरवली आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. विरोध आहे तो बाई अडाणी आहे, म्हणून तिचा धंदा अडला आहे, या गृहीतकाला. आमच्या शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता. कारण दिलं, सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही, अर्जावर अंगठे आहेत. बायका अक्षरं गिरवू लागल्या, काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता. तो विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती.

आणि बाजारपेठ? राज्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार आहे. अंगणवाडीतल्या मुलांचा आहार हा बचत गटांसाठी घरच्या अंगणातला बाजार होता. ठेकेदार नकोत, गावातले गट आणि महिला मंडळं यांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्येच सांगितलं होतं. तरी 2016 मध्ये राज्यानं जी निविदा काढली तिच्या अटी गावातला गट कधी पुऱ्या करू शकणार नाही अशा होत्या. सुमारे 6,300 कोटींचं ते काम. गट न्यायालयात गेले. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा रद्द केली. दहा-दहा रुपये जमवणाऱ्या बायका राज्य सरकारच्या विरोधात दिल्लीपर्यंत लढल्या. मेळाव्यात आत्मविश्वासावर बोलणाऱ्यांनी हा निकाल वाचावा आणि मग सांगावं की बाजार उघडा होता आणि बायकाच आत शिरल्या नाहीत.

मला काय हवं आहे ते थोडक्यात सांगते, कारण नुसती तक्रार करून मी गप्प बसणार नाही. आश्रमशाळा, वसतिगृहं, सरकारी उपाहारगृहं यांनी गटांचा माल घ्यावा आणि पैसे माल उतरवल्या दिवशी द्यावेत. चार दिवसांच्या जत्रेतला गाळा पुरे झाला. पाचव्या दिवशी उरलेला माल एसटीत भरून परत आणताना मी त्या बायकांबरोबर असते. दुकानदारानं थकवलेल्या पैशाची तक्रार बाईनं एकटीनं करायची वेळ येऊ नये, तिच्या वतीनं गटांच्या प्रभागसंघानं किंवा महिला आर्थिक विकास महामंडळानं करावी, म्हणजे गिऱ्हाईक तुटायचं भय एकटीच्या वाट्याला येणार नाही. सुगीत ज्वारी, डाळ, मिरची एकदम भरून ठेवायला गटांच्या संघाला कर्ज मिळावं. 10 लाखांच्या आत जामीनदार मागणाऱ्या शाखेला जाब विचारला जावा. आणि घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण ते कोणत्याच योजनेतून येत नाही. ते घरातून यावं लागतं.

हा लेख अर्धा झाला होता तेव्हा अक्का वही घेऊन आल्या. येणं अजून आलेलं नव्हतं. हिशेब झाल्यावरही त्या उठेनात. मग म्हणाल्या, मोठ्या भावाचा फोन आला होता, वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागली आहेत, सोमवारी तालुक्याला सही करायला बोलावलं आहे. साडेतीन एकर, तीन भाऊ, दोन बहिणी. मी म्हटलं, अक्का, सही करू नका. तुमच्या वाट्याच्या कागदावर तुम्हाला वर्षाची ज्वारी भरता येईल, त्या साहेबांच्या टेबलावर तुमच्या नावाचा उतारा ठेवता येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते माझ्याआधीच कळलेलं होतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "जमीन राहील, पण माहेर जाईल. उद्या यांना काही झालं तर मी रात्री कुणाचं दार वाजवू?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी मी त्यांच्याबरोबर तालुक्याला जाणार आहे.